गोड न सोडता कॅलरीत कसं बसायचं: चहाच्या चमच्यापासून दिवाळीच्या लाडवापर्यंत

गोड पूर्ण बंद करून कॅलरीचं टार्गेट पाळणारी माणसं मी भरपूर बघितलीयत, पण गणपती येईपर्यंतच. मग एका दुपारी मोदकांवर ताव, आणि संध्याकाळी "आता आजचा दिवस गेलाच आहे" म्हणून वर बर्फी, आणि दुसऱ्या दिवसापासून डाएटचं नावच नाही. म्हणून इथे गोड सोडायचं कसं हे मी सांगणार नाहीये, दिवसाला 1500-1600 कॅलरी ठरलेल्या असताना त्यात गोड बसवायचं कसं ते सांगणार आहे, आपल्या घरात जे शिजतं आणि जे खाल्लं जातं ते धरून.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्या दिवसातली बरीचशी साखर अशा गोष्टींतून पोटात जाते ज्यांची धड चवही आपल्याला लागत नाही, म्हणजे तिसरा चहा, त्याच्यासोबतची बिस्किटं, ऑफिसात कुणाच्या तरी मुलाच्या रिझल्टचा पेढा. ती साखर काढायची आणि तेवढ्या कॅलरी ज्या गोडावर खरंच जीव आहे त्याच्यावर खर्च करायच्या. बाकी सगळं या एका गोष्टीची अंमलबजावणी आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं एकदम कमी करू नका, औषधाचा डोस त्या खाण्याच्या हिशोबाने ठरवलेला असतो, डॉक्टरांशी बोलून मगच बदल करा. आणि अशा माणसाला अचानक हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं हलकं होणं असं काही झालं तर ती 'क्रेव्हिंग' (गोडाची ओढ) नसते, रक्तातली साखर खाली गेलेली असू शकते, तेव्हा कॅलरी वगैरे मोजत बसायचं नाही, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि मग शुगर चेक करायची. गरोदर बायका, आणि ज्यांना खाणं सुरू केलं की थांबवताच येत नाही आणि नंतर उलटी काढावीशी वाटते अशांनीही हे असलं वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत, त्यांनी डॉक्टरांकडेच जावं.

पहिली पायरी: आधी फक्त मोजा, काही बदलू नका

तीन-चार दिवस जे खाता तेच खा, त्यात एक रविवार असू द्या कारण रविवारचं खाणं वेगळंच असतं. जे जे गोड पोटात गेलं ते फोनमधे लिहून ठेवा, सोबत वेळ आणि तेव्हा भूक होती का नव्हती एवढंच. ॲप वापरत असाल तर ठीक, पण ॲपमधल्या "एक वाटी" वर आंधळा विश्वास नको, कुणाची वाटी आमटीची असते आणि कुणाची खिरीची. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पाचेकशे रुपयांच्या आत मिळतो, तो घ्या, पुढे फार कामाला येतो.

आता चमचा. एक ग्रॅम साखर म्हणजे 4 कॅलरी. चहाचा सपाट चमचा भरला तर साधारण 4 ग्रॅम साखर येते, पण सपाट चमचा घालतं कोण? आपण शीग लावून घालतो, त्यात सहा ग्रॅमपर्यंत सहज जाते. म्हणजे दिवसाला तीन कप चहा, कपाला दोन भरलेले चमचे, असं धरलं तर 36 ग्रॅम साखर, जवळजवळ 145 कॅलरी, आणि यात दूध धरलेलंच नाही. त्यावर दोन वेळा चार-चार ग्लुकोजची बिस्किटं धरा, एक बिस्किट साधारण 25 कॅलरीचं, म्हणजे अजून 200. झाले की नाही साडेतीनशे! 1500 मधले साडेतीनशे गेले आणि तुम्हाला विचारलं "आज गोड काय खाल्लं" तर तुम्ही म्हणणार "काहीच नाही हो".

दुसरी पायरी: गोडाचं बजेट काढा

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, ज्यूस यातली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत आणता आली तर अजून चांगलं. फळ अख्खं खाल्लं तर त्यातली साखर किंवा साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत. 1500 कॅलरीवाल्याला 10 टक्के म्हणजे 150 कॅलरी, साधारण 37 ग्रॅम साखर. 5 टक्के म्हणजे त्याच्या निम्मं, साडेचार सपाट चमचे. वरचा चहाचा हिशोब आठवा, 36 ग्रॅम नुसत्या चहातच गेली होती.

मी काय सुचवते, की रोजचं बजेट करण्यापेक्षा आठवड्याचं करा. गोड पदार्थांसाठी, म्हणजे साखर, तूप, पीठ सगळं धरून, आठवड्याला साधारण हजार कॅलरी बाजूला काढा. ते दोन पद्धतींनी खर्च करता येतात. ज्याला रोज जेवणानंतर काहीतरी गोड लागतंच त्याने रोज 130-140 खर्च करावे. आणि ज्याला रोज नको पण रविवारी नीट बसून पुरणपोळी खायचीय त्याने सहा दिवस 80-80 मधे भागवावं, तेवढ्यात एक पेढा येतो किंवा दहा रुपयांचं छोटं चॉकलेट येतं, आणि रविवारसाठी पाचशे ठेवावे. मी दुसऱ्या पद्धतीची आहे, पण रोजची सवय असणाऱ्या माणसाला ती जमत नाही, तो बुधवारीच रविवारचे पैसे मोडतो. स्वतःचा स्वभाव बघून ठरवा.

आणि हे हजार वरचे नाहीत हं, ठरलेल्या टार्गेटच्या आतलेच आहेत. रविवारी पाचशेचं गोड खायचं असेल तर त्या दिवशी भात वगळा, पोळी कमी करा, तळलेलं काही नको. पण डाळ, उसळ, भाजी कमी करायची नाही. उलटं केलं, म्हणजे गोडासाठी जेवणच मारलं, तर संध्याकाळी अशी भूक लागते की बजेटचा पार चुराडा.

तिसरी पायरी: चहा

याला मी जास्त जागा देणार आहे कारण मराठी घरात सगळ्यात सोपी बचत इथेच आहे.

एकदम बिनसाखरेचा चहा करायला जाऊ नका. तिसऱ्या दिवशी तुम्हाला चहाचाच राग यायला लागेल. आधी चमचा सपाट करा, एवढंच, पहिला आठवडा. चमच्यावरून सुरीची पाठ फिरवायची, शीग खाली पडते. मग दर आठवड्याला पाव चमचा कमी. जीभ हळूहळू सवय करून घेते, दीड-दोन महिन्यांनी जुना चहा पाकासारखा लागायला लागतो, हे ज्यांनी ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आलं, वेलची, गवती चहा घातला की साखरेची उणीव कमी जाणवते.

अडचण अशी की आपल्याकडे चहा कपात नाही, पातेल्यात होतो. पाच माणसांचा एकत्र, साखर आधीच उकळलेली, आणि सासरे म्हणणार याला काही चवच नाही. यावर वाद घालत बसू नका, चहा बिनसाखरेचा उकळा, गाळा, आणि साखर ज्याने त्याने कपात घाला. घरच्यांची साखर कमी करायची मोहीम सोबत काढू नका, स्वतःपुरतं बघा. बाहेर टपरीवर मात्र "कमी साखर" म्हणून काही उपयोग नसतो, चहा आधीच केलेला असतो, तिथे कटिंगच घ्यायचा.

आणि चहासोबत बिस्किट हे भुकेने खाल्लं जातं की हाताला काहीतरी हवं म्हणून, ते पहिल्या पायरीतल्या नोंदीतून कळेल. दुसरं असेल तर बिस्किटाचा डबा चहाच्या टेबलावरून उचला, बस, अर्ध्या वेळा आठवणही येत नाही. मारी खाल्लं म्हणजे डाएटचं खाल्लं असं समजणाऱ्यांसाठी: मारीचं एक बिस्किटसुद्धा वीस-पंचवीस कॅलरीचं असतं आणि मैदा-साखरेचंच असतं.

चौथी पायरी: क्रेव्हिंगची वेळ धरा

बहुतेकांची गोड खायची इच्छा ठरावीक वेळीच येते, ती वेळ सापडली की अर्धं काम झालं.

संध्याकाळी पाचची क्रेव्हिंग ही बऱ्याचदा क्रेव्हिंग नसतेच, ती साधी भूक असते. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, एक वाजता जेवलो, रात्रीचं जेवण नऊला, मधे आठ तास. पाचला शरीर काहीतरी पटकन मागणारच. इथे उपाय पाच वाजता नाही, एक वाजता करायचा असतो. डब्यात मटकीची उसळ, घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी किंवा पनीर, यातलं एक काहीतरी हवंच, सोबत काकडी-गाजर आणि जमलं तर दही. प्रोटीन आणि फायबर असलं की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सकाळच्या पोह्यांचंही तेच, नुसते पोहे खाल्ले की अकराला पोट रिकामं, त्यात मूठभर मोड आलेली मटकी, थोडे शेंगदाणे आणि बाजूला वाटीभर दही घेतलं तर तेच पोहे दुपारपर्यंत टिकतात.

शिवाय पाच वाजता ठरवून काहीतरी खा, वाट बघत बसू नका. 30 ग्रॅम फुटाणे म्हणजे 110 कॅलरी आणि सहाएक ग्रॅम प्रोटीन. उकडलेलं अंडं 75 च्या आसपास. पेरू, ताक, वाटीभर भिजवलेले हरभरे कांदा-लिंबू घालून. शेंगदाणे पण चालतील, पण ते मोजून, वीस ग्रॅमचे 115 होतात आणि मूठ प्रत्येकाची वेगळी. हे खाऊन झाल्यावरही गोड हवंसं वाटलं तर मग खा तुमचं बजेटमधलं गोड, तेव्हा ते एका तुकड्यात भागतं.

रात्री जेवणानंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा पोट भरलेलं असतं, म्हणजे भूक नसतेच, लहानपणापासून जेवणाचा शेवट गोडाने करायची सवय, किंवा मग टीव्हीसमोर बसलो की हात डब्यात. इथे दोन गोष्टी चालतात. एक, गोड खायचंच असेल तर ते ताटातच वाढून घ्या, जेवणासोबत, आपल्याकडे पूर्वीपासून गोड ताटातच वाढायची पद्धत होती की, जेवण संपल्यावर वेगळं 'डेझर्ट' हे नंतरचं. ताटातलं संपलं की संपलं. दुसरं, जेवल्यावर लगेच भांडी-ओटा आवरून दहा-पंधरा मिनिटं खाली चक्कर मारा, आल्यावर दात घासा. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखरही कमी उसळते, आणि टूथपेस्टच्या चवीवर रसमलाई कुणाला खावीशी वाटत नाही. बडीशेप खायची तर साधी भाजलेली, रंगीत साखरेच्या गोळ्यांची नाही. लवंग किंवा वेलचीचा दाणा पण छान.

इच्छा अगदी तीव्र आली तरी ती तशीच तासन्‌तास राहत नाही, पंधरा-वीस मिनिटांत बऱ्याचदा ओसरते. तेवढा वेळ एखादा फोन करा, कपडे घड्या करा, पाणी प्या. वीस मिनिटांनंतरही तोच पदार्थ डोक्यात असेल तर मोजून घ्या आणि बसून खा. उभ्याने, फ्रिजचं दार उघडं ठेवून खाल्लेलं कधीच मोजलं जात नाही.

झोपेचंही सांगून टाकते. रात्री पाच तास झोप झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलं जास्त हवंसं वाटतं, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं असं अभ्यासांमधे दिसलंय. नाइट शिफ्टवाल्यांनी आणि लहान बाळ असलेल्या आयांनी हे लक्षात घेऊन स्वतःला थोडी सूट द्यावी. तसंच पाळीच्या आधीचे काही दिवस, तेव्हा बऱ्याच जणींना जास्त भूक लागते आणि चॉकलेट हवं होतं. त्या आठवड्यात टार्गेट शंभर-दीडशेने वाढवून ठेवलं तर काही आभाळ कोसळत नाही, उलट ओढून-ताणून धरलं की एका रात्रीत सातशेचा फडशा पडतो.

उपवासाचा दिवस हा एक खास सापळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, आणि चारपासून गोडाची अशी काही ओढ की विचारू नका. उपवासाला राजगिरा, भगर, दही, ताक, शेंगदाण्याची आमटी यावर भर द्या आणि साबुदाणा एकाच वेळेला, तोही छोटी वाटी.

पाचवी पायरी: घरचं गोड वजनावर आणा

ॲपमधे "बेसन लाडू 1" असं टाकून मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, लाडू लिंबाएवढा की टेनिसच्या बॉलएवढा ते त्याला कुठे माहितीय. घरी करत असाल तर हिशोब असा करा.

समजा बेसन 250 ग्रॅम, तूप 125 ग्रॅम, पिठीसाखर 200 ग्रॅम. बेसनाचे साधारण 950, तुपाचे सव्वाअकराशे (तूप ग्रॅमला नऊ), साखरेचे 800. एकूण झाले 2875 च्या आसपास. आता या मिश्रणाचे वीस लाडू वळले तर एक लाडू 145 कॅलरीचा. आणि तीस वळले तर 95 चा. चव तीच, साहित्य तेच, तूप एक थेंबही कमी केलेलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या लेखातली सगळ्यात फुकट मिळणारी बचत ही आहे, लाडू छोटे वळा. लाडू एकच खाल्ला जातो, तो केवढा आहे हे फार कुणी बघत नाही. दुसरं असं की या हिशोबात साखरेपेक्षा तुपाच्या कॅलरी जास्त आहेत, म्हणजे "साखर कमी घातलीय" म्हणून दोन लाडू खाणाऱ्याने जरा थांबावं.

पुरणपोळीचंही असंच. मध्यम पोळी, त्यात 25 ग्रॅम पीठ, पुरणात साधारण 22 ग्रॅम डाळ आणि 25 ग्रॅम गूळ, वर चमचाभर तूप, सगळं मिळून तीनशेच्या घरात जाते. तुपाची धार धरली तर चमच्याला 45 वाढत जातात. पण पुरणपोळी ही नुसती मिठाई नाही, जेवणच आहे, तेव्हा त्या दिवशी ती पोळी-भाताच्या जागी धरा, कटाच्या आमटीसोबत दीड पोळी खाल्ली आणि भात घेतला नाही तर हिशोब बसतो. सगळं नेहमीचं जेवून वर तीन पोळ्या, तिथे घोळ होतो.

श्रीखंड मात्र जपून. विकतच्या श्रीखंडात साधारण 40 टक्के साखरच असते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत दहा चमचे! घरी चक्का लावून त्यात निम्मी साखर घाला, हापूसचा सीझन असेल तर आंब्याचा गर घाला, वेलची-जायफळ सढळ हाताने. वाटी छोटी घ्या, लोणच्याची असते ना तसली.

गूळ, मध, खजूर आणि शुगर फ्री

यावर लोक चिडतात, पण सांगावं लागतंच. गूळ शंभर ग्रॅमला साधारण 380 कॅलरी, साखर 400. फरक एवढाच. गुळात थोडी खनिजं असतात खरी पण चमचाभर गुळातून मिळून किती मिळणार. चवीसाठी वापरा, गुळाच्या चहाची मजा वेगळीच असते, पण गूळ आहे म्हणून दुप्पट घालू नका. मध शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर, त्यात पाणी असतं म्हणून आकडा कमी दिसतो, पण मधाचा चमचा साखरेच्या चमच्यापेक्षा जड भरतो, म्हणजे चमच्याला उलट जास्तच.

खजूर-ड्रायफ्रूटचे लाडू "नो शुगर" लिहून विकतात. तीस ग्रॅमचा लाडू 120 कॅलरीपर्यंत जातो, बेसनाच्या छोट्या लाडवापेक्षा जास्त. खायला काहीच हरकत नाही, त्यात फायबर आहे, पोट भरतं, पण दिवसातून चार खायची ती गोष्ट नाही. "शुगर फ्री" मिठाईत खवा आणि तूप तेवढंच असतं. काहींमधे साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याला साखरेच्या निम्म्या कॅलरी असतात आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं, गॅस, जुलाब.

चहात साखरेऐवजी घालायच्या गोळ्यांचं, म्हणजे सुक्रालोज, स्टीव्हिया वगैरे, जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मधे सांगितलं की वजन कमी करण्यासाठी म्हणून असल्या गोडव्यांवर अवलंबून राहू नका, लांब पल्ल्यात वजनाला फायदा दिसत नाही (ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती). माझं मत, दीड-दोन महिने चहाची साखर उतरवताना आधार म्हणून एखादी गोळी चालेल, पण जिभेला तेवढंच गोड लागत राहिलं तर तिची सवय मोडत नाही.

फळं

फळांना घाबरू नका. कलिंगड शंभर ग्रॅमला तीस कॅलरी, पपई चाळीस-पंचेचाळीस, पेरू सत्तरच्या आत, केळं आणि सीताफळ शंभरच्या आसपास, चिकू ऐंशीच्या वर. मध्यम हापूस अख्खा खाल्ला तर नव्वद-शंभर. आंब्याने वजन वाढतं म्हणणारे लोक आमरसासोबत आठ पुऱ्या खातात आणि दोष आंब्याला देतात. आमरसात वरून साखर घालू नका, एक वाटी घ्या, पुरीऐवजी पोळी घ्या, झालं. ज्यूस मात्र नको, उसाचा रसही ग्लासभर घेतला तर सात-आठ चमचे साखर असते आणि चावायला काहीच नसल्याने पोट भरल्यासारखं वाटत नाही. उन्हाळ्यात एखादा हाफ प्यायलात तर तो गोडाच्या बजेटमधे लिहा. कोल्ड्रिंकचं पण तसंच, शंभर मिलीला जवळजवळ 11 ग्रॅम साखर, 300 मिलीची बाटली म्हणजे आठ चमचे.

सहावी पायरी: दुकान आणि डबा

रात्री दहाला घरात मिठाईचा किलोचा बॉक्स असेल तर इच्छाशक्ती वगैरे गप्पा आहेत. मोठा पॅक स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, दहा रुपयांचं एकच चॉकलेट घ्या, ते बारा-तेरा ग्रॅमचं असतं, साधारण 65-70 कॅलरी. आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणण्यापेक्षा खाली जाऊन एक कप खाऊन या. दिवाळीत किंवा कुणाकडून आलेला बॉक्स असेल तर त्याच दिवशी त्यातले आपल्या वाटचे तुकडे बाजूला काढा, बाकीचे वाटा, कामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनला, शेजारी, आणि उरलेलं स्टीलच्या डब्यात घालून वरच्या फळीवर. काचेच्या बरणीत, डोळ्यांसमोर, मिठाई ठेवायची नाही. फ्रीजरमधे पेढे-बर्फी छान राहतात, एकेक काढता येतो.

लेबल वाचताना पुढच्या बाजूचं काही वाचू नका, "मल्टिग्रेन", "नॅचरल", हे सगळं पुढे लिहिलेलं असतं. मागच्या तक्त्यात "ॲडेड शुगर" चा आकडा बघा, तो शंभर ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा तेही बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिल्या तिघांत साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप असं काही दिसलं तर ते बिस्किट नाही, मिठाईच आहे असं समजून बजेटमधे लिहा. केचप, फ्लेवर्ड दही, म्यूसली, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, यांची लेबलं एकदा वाचाच.

सातवी पायरी: आग्रह आणि सणवार

कॅलरी मोजणाऱ्या माणसाचा मराठी घरातला खरा शत्रू साखर नाही, आग्रह आहे. "माझ्या हातचं नाही आवडलं का", "एकाने काय होतंय", "वाळलीस किती". इथे डाएटचं नाव काढलंत की संपलं, मग पंधरा मिनिटं त्यावरच चर्चा होते आणि शेवटी वाटी भरतेच. त्यापेक्षा आधीच थोडंसं मागून घ्या, "काकू, मला अर्धीच वाढा पण तुमची बासुंदी हवीच", आणि ती हळूहळू खा. ताटातलं संपलं की वाढणारा आलाच, म्हणून पानात दोन घास ठेवूनच बोलत बसायचं, सगळ्यांचं होईपर्यंत. आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा जवळ आला की नुसतं "नको" म्हणून भागत नाही, पानावर हात आडवा धरावा लागतो.

ऑफिसातला केक, पेढे, यासाठी एकच प्रश्न स्वतःला: हे मी पैसे देऊन विकत घेतलं असतं का? नाही, तर एक चिमूट प्रसाद म्हणून घ्या आणि बाकी शेजारच्या टेबलावर सरकवा. हो, तर पूर्ण खा आणि लिहा.

गणपतीत दहा दिवस असतात हे विसरू नका. रोजचा प्रसाद एक तुकडा, आणि उकडीचे मोदक ज्या दिवशी घरी होतात त्या दिवशी नीट जेवणात दोन-तीन मोदक, तूप घालून, भात न घेता. मोदकाचा आकार बघून 120 ते 150 धरा. दिवाळीत फराळाचं ताट प्रत्येक घरी नवीन मिळतं, म्हणून आधी ठरवा की यंदा आपल्याला काय खायचंय, करंजी की अनारसा की बेसन लाडू, आणि तेच दोन पदार्थ घ्या, शंकरपाळे तोंडात टाकत राहायचे नाहीत, त्यांची शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी असते आणि गप्पा मारता मारता शंभर ग्रॅम कधी जातात कळत नाही. चकली-चिवडा तिखट आहे म्हणून मोजायचं नाही असंही नाही बरं का.

हिशोब चुकलेल्या दिवशी

होणारच तो दिवस. लग्न, वाढदिवस, भांडण, काहीही. त्या दिवशी खाल्लेलं अंदाजाने का होईना लिहा, आकडा 2800 आला तरी लिहा, आठवड्याच्या सरासरीत तो कसा दिसतो बघा. 1500 टार्गेट असताना एक दिवस 2800 गेले तर आठवड्याची सरासरी 1685 पडते, म्हणजे तुमचं वजन टिकायला दिवसाला 1900 लागत असतील तर सरासरीने तुम्ही अजूनही खालीच आहात.

दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही. उपाशी राहिलात की पाच वाजता परत तीच ओढ आणि परत तोच गोंधळ. सकाळी नेहमीचा नाश्ता, अंडी किंवा मूगडाळीचा डोसा, दुपारी उसळ-भाजी-पोळी, पाण्याकडे लक्ष, संध्याकाळी अर्धा तास चाला. फार तर आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत रोज शंभरेक कमी करा, तेही गोडाच्या बजेटमधून, जेवणातून नाही.

आणि त्या सकाळी वजनकाट्यावर उभे राहू नका. जास्त गोड आणि मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत तीनएक ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे एका रात्रीत किलो-दीड किलो वाढलेलं दिसू शकतं. एवढी चरबी एका जेवणात होत नाही, एक किलो चरबीला साडेसात हजारांच्या वर कॅलरी लागतात. रविवारी लग्न जेवलात तर गुरुवार-शुक्रवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, पाणी प्यायच्या आधी वजन करा.